उन्हाजीचे नव्वद लाख रकाने

कावळ्याला "या, बसा, काय घेणार?" असं कुणी विचारतं का? पितृपंधरवड्यात विचारतात, नाही असं नाही. पण हा होता वैशाख, डोकं तापवणारा, आणि कावळेबुवा उतरले होते ते मथुराकाकूंच्या उडदाच्या पापडांवर. त्या पापडांपुढे उन्हाजी कमरेत वाकून, दोन्ही हात जोडून उभा होता.

"नमस्कार," उन्हाजी म्हणाला. "आपण कुणाकडचे? आपलं वाळवण कुठे घालू?"

कावळ्याने एक डोळा त्याच्यावर ठेवला आणि चोचीत एक पापड धरला.

"घ्या, घ्या. संकोच करू नका. आणखी एक घ्या."

इरू कडुलिंबाच्या सावलीत बसून गव्हाचा चीक खात होती. कुरडयांसाठी शिजवलेला गरम चीक, वर साखर आणि तुपाची धार. असली वाटी खाली ठेवायची म्हणजे जिवावरच येतं, पण ती ठेवून इरू अनवाणीच धावली. तापलेल्या मातीवर नाचत नाचत ती पोचेपर्यंत कावळा पापडासकट झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला होता.

"उन्हाजी! अरे तो कावळा होता!"

"कावळा," उन्हाजीने शब्द दोनदा घोळवून पाहिला. "कावळा म्हणजे काय?"

ज्याची नेमणूकच मुळी कावळे हाकलायला झाली होती, तो विचारतोय कावळा म्हणजे काय!

उन्हाजी हा बोरगव्हाणच्या वाळवणमाळाचा यंत्रमानव. तापीकाठच्या या गावात आता प्रत्येक घराच्या गच्चीवर सौरपट्ट्या होत्या (उन्हापासून वीज करणारे काळे पत्रे). वीज मुबलक झाली, पण पापड घालायला गच्ची उरली नाही. मग बायकांनी गावाबाहेरचा माळ साफ करून घेतला, आखून त्याच्या जागा पाडल्या आणि राखणीला उन्हाजी आणला. तो मूळचा कुठल्याशा गोदामात बटाटे निवडायचा. अजूनही कुणाच्या डोक्याला टेंगूळ दिसलं की तो जरा जास्तच निरखून बघायचा.

पण अंदाज सांगावा तर उन्हाजीने! "मथुराकाकू, पापड दोन तासांत वाळतील, दहा मिनिटं इकडेतिकडे. कुरडया चार तास, अर्धा तास इकडेतिकडे." लवकर उचललं तर बुरशी, उशीर झाला तर पापडांना तडे. घरोघरचं वर्षाचं वाळवण त्याच्या शब्दावर चालायचं.

गेल्या आठवड्यापासून मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. आधी तो गाणी विसरला. मग सणवार विसरला. परवा तर मथुराकाकूंचे यजमान ऊन खात स्वस्थ उभे होते, त्यांच्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हा खांब हलवू का? सांडग्यांवर सावली पडते आहे." यजमान तेव्हापासून माळाकडे फिरकले नाहीत.

"उन्हाजी, तुला झालंय तरी काय?" इरूने विचारलं.

"मला काही झालं नाही. माझी जागा भरली आहे," उन्हाजी म्हणाला. "अंदाजाचं कोष्टक फार मोठं झालं. ते ठेवायला इतर आठवणी काढाव्या लागतात. ज्यांचा वाळवणाशी संबंध नाही त्या आधी. कावळा चुकून निघाला. तो कावळा पक्ष्यांत ठेवला होता, वाळवणात नाही."

"मग आता पुढे काय काढणार?"

"उद्या लग्नसराई संपते. गावातली उरलेली सगळी घरं येणार. आज पाच वाजता नावनोंदणी. तेव्हा जागा लागेल." उन्हाजीने जराही आवाज न बदलता सांगितलं, "पाच वाजता 'इरू' हा विषय काढणार आहे."

गेल्या वर्षी वडिलांची बदली झाली तेव्हा इरू या गावात आली होती. शाळा अर्ध्यावर, ओळख कुणाशी नाही, वर्गात बाकावर एकटी. पहिल्यांदा तिला कुणी "तुझं नाव काय?" असं विचारलं असेल तर ते उन्हाजीने. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं माळावर बसून गावांच्या नावांच्या भेंड्या खेळायचे.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस," उन्हाजी म्हणाला. "विसरल्यावर मला काहीच वाटणार नाही."

"पण मला वाटेल ना!" इरू ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग ती तडक माळाच्या कडेच्या, पापड लाटायच्या छपराकडे पळाली, कारण तिथे आत्याआजी होती.

आत्याआजी म्हणजे इरूच्या बाबांची आत्या, कालिंदीबाई. समुद्रातली वादळं कुठे धडकतील याचे अंदाज बांधण्यात तिची हयात गेली होती. वादळाचा मार्ग ती डोळे मिटून सांगेल, पण गोल पापड लाटणं काही तिला या जन्मी जमलं नाही. तिचा पापड आफ्रिकेसारखा तरी व्हायचा, नाहीतर दक्षिण अमेरिकेसारखा. शेवटी मथुराकाकूंनी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला लाट्या करायला बसवलं. लाटी म्हणजे तेलात बुडवलेला पापडाच्या पिठाचा गोळा. आत्याआजी दोन लाट्या करायची आणि एक खायची. मथुराकाकू, म्हणजे वाळवणमंडळाच्या प्रमुख, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होत्या आणि पाहुणी म्हणून गप्प होत्या.

इरूने एका दमात सगळं सांगितलं.

"नवीन स्मृतिपट्टी बसवा की त्याला," आत्याआजी म्हणाली. (स्मृतिपट्टी म्हणजे यंत्राच्या आठवणींची फडताळं.)

"त्याला बसेल अशी आता कुणी करत नाही," मथुराकाकू म्हणाल्या. "आम्ही चौकशी करून दमलो. फार जुना आहे हो तो."

"मग कोष्टक काढून टाकू दे!" इरू म्हणाली.

"वा गं वा! आणि गावाच्या कुरडया कुणाच्या भरवशावर घालू? तुझ्या?"

आत्याआजीने तोंडातली लाटी गिळली, हात पदराला पुसले आणि उन्हाजीला हाक मारली. "ये रे इकडे. दाखव तुझं कोष्टक." मथुराकाकूंनी एक पांढरी चादर छपराच्या आत अंधाऱ्या बाजूला टांगली. उन्हाजीच्या डोळ्यांतून उजेड पडला आणि चादर आकड्यांनी भरून गेली. मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी.

"हे सगळं कशाला लागतं?" इरूने विचारलं.

"बस, सांगते. आज कडक ऊन आहे. काल साधारण असंच होतं आणि पापडाला दोन तास लागले. मग आज किती लागतील?"

"दोनच्या आसपास."

"आणि मागच्या आठवड्यात ढग होते, तेव्हा तीन लागले. त्यावरून आज काही कळेल?"

"फारसं नाही. तो दिवस वेगळाच होता."

"झालं. तू आत्ता जे केलंस तेच उन्हाजी करतो. कुठली जुनी नोंद आजच्याशी किती जुळते ते बघायचं. जास्त जुळणाऱ्या नोंदीचं जास्त ऐकायचं, कमी जुळणारीचं कमी. हे जुळणं मोजायच्या सूत्राला कर्नेल म्हणतात (दोन नोंदी दिल्या की त्या एकमेकींच्या किती जवळच्या आहेत, त्याचा एक आकडा देणारं सूत्र). आणि त्या आकड्यांवरून अंदाज बांधायची जी रीत आहे, तिला म्हणतात गाउसीय प्रक्रिया. तिची गंमत म्हणजे ती नुसता अंदाज सांगून थांबत नाही. त्या अंदाजाची खात्री किती, तेही सांगते."

"दहा मिनिटं इकडेतिकडे!"

"तेच ते! ओळखीचा दिवस असला की दहा मिनिटं, अनोळखी असला की तासभर. आपल्याला काय माहीत नाही हे ज्याला माहीत असतं ना, असा माणूससुद्धा विरळा, यंत्राचं तर सोडूनच दे." असं म्हणताना आत्याआजीने मथुराकाकूंकडे का पाहिलं, ते कुणाला कळलं नाही. काकूंनी मात्र लाट्यांचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"एवढ्याने नव्वद लाख रकाने कसे होतील?" इरूने विचारलं. तो आकडा उन्हाजीने चादरीच्या कोपऱ्यात दाखवला होता.

"मी सांगतो," उन्हाजी म्हणाला. "पदार्थ सहा. पापड, कुरडया, बिबडे, सांडगे, शेवया, चिकवड्या. नोंदी पाचशे. नोंद म्हणजे एक दिवस आणि माळावरची एक जागा. पदार्थ एकमेकांना मदत करतात. एखाद्या जागी कुरडया कधीच घातल्या नसल्या, पण पापड घातले असले, तर पापडांवरून कुरडयांचा अंदाज येतो."

"याला बहुकार्यी अंदाज म्हणायचं (बऱ्याच गोष्टींचे अंदाज एकत्र बांधायचे, एकीचं शिकलेलं दुसरीला द्यायचं)," आत्याआजीने पुस्ती जोडली.

"म्हणून मी प्रत्येक पदार्थाची प्रत्येक नोंद लिहिली. सहा गुणिले पाचशे, झाल्या तीन हजार ओळी. मग त्यातल्या प्रत्येकीचं प्रत्येकीशी नातं. तीन हजार गुणिले तीन हजार, नव्वद लाख."

"आणि उद्याची घरं आल्यावर?"

"पावणेदोन कोटी. नोंदी पाचशेच्या सातशे होतील. नोंदी थोड्या वाढल्या तरी रकाने दुपटीच्या घरात जातात."

मथुराकाकूंनी कपाळाला हात लावला. आत्याआजी चादरीच्या अगदी जवळ जाऊन वाचू लागली. प्रत्येक रकान्यात नुसता आकडा नव्हता, त्याच्यापुढे बारीक अक्षरांत मजकूर होता: 'सौ. मथुराबाई यांचे सोमवारचे पापड यांचे सौ. सुमनताई यांच्या शुक्रवारच्या कुरडया यांच्याशी नाते.' आणि त्याच्या खाली कुठेतरी: 'सौ. सुमनताई यांच्या शुक्रवारच्या कुरडया यांचे सौ. मथुराबाई यांचे सोमवारचे पापड यांच्याशी नाते.'

"अरे, हे एकच नातं तू दोनदा का लिहिलंस?"

"मथुराकाकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं," उन्हाजी म्हणाला. "कुणाला डावलायचं नाही. आणि कुणाकडून डबा आला तर तो रिकामा परत पाठवायचा नाही. पापडांनी कुरडयांना आकडा दिला, मग कुरडयांनी पापडांना परत द्यायला नको? दिला नाही तर सुमनताई काय म्हणतील?"

आत्याआजीला असं हसू फुटलं की तिला ठसका लागला. उन्हाजीने धावत जाऊन पाणी आणलं. तिची पाठ थोपटायची राहिली, कारण पाठ थोपटणं तो मंगळवारीच विसरला होता.

"काही हसायला नको," मथुराकाकू फणकारल्या. "रीत आहे ती आपली. मी डब्यांबद्दल बोलले होते, आकड्यांबद्दल नाही!"

परतफेडीचे आकडे काढले तर रकाने निम्मे होणार होते. इरूने टाळीच वाजवली. पण उन्हाजीने हिशेब करून सांगितलं की उद्याच्या पावणेदोन कोटींचे निम्मे केले तरी पुन्हा नव्वद लाखांच्या घरातच येतात. म्हणजे येरे माझ्या मागल्या. जागा भरलेली ती भरलेलीच, आणि पाच वाजता इरू जाणार ती जाणारच.

आत्याआजीला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. वादळांच्या कोष्टकांशी तिने चाळीस वर्षं झटापट केली होती. पण ती पडली हाडाची मास्तरीण. आयतं उत्तर देणं तिच्या जिवावर यायचं. "इरू," ती म्हणाली, "हा एवढा कोपरा नीट बघ. सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार. सोमवार-मंगळवार उन्हाचे, शुक्रवार ढगाळ. डावीकडे पापडांचं पापडांशी नातं आहे आणि उजवीकडे पापडांचं कुरडयांशी."

इरूने डोळे बारीक केले. डाव्या चौकटीत पहिल्या ओळीत होतं दहा, आठ, चार. दुसरीत आठ, दहा, चार. तिसरीत चार, चार, दहा. उजव्या चौकटीत होतं पाच, चार, दोन. मग चार, पाच, दोन. मग दोन, दोन, पाच.

ती बराच वेळ बघत राहिली. छपराच्या सावलीचा कोपरा ताटावरून सरकून पाटावर आला. मथुराकाकूंनी चार पापड लाटून टाकले. मग इरू एकदम उठली.

"आत्याआजी, हे तर तेच आहे! फक्त निम्मं! दहाचे पाच, आठाचे चार, चाराचे दोन. आम्ही शिबिरात ठशांनी रुमाल छापले होते ना, तसं. ठसा एकच. एकदा रंग गडद लागला, एकदा फिका!"

"मग मला सांग, दहा रुमाल छापायचे तर दहा ठसे कोरशील?"

"छे! एकच ठसा कोरायचा. आणि कुठे किती गडद, ते बाजूला लिहून ठेवायचं."

"शाब्बास गं माझी बाय!" आत्याआजीने तिला जवळच ओढलं. पिठाचे हात इरूच्या फ्रॉकवर उमटले. "उन्हाजी, ऐकलंस? तुला दोनच छोटी कोष्टकं हवीत. एक दिवसांचं, कुठली नोंद कुठल्या नोंदीसारखी. तो झाला ठसा. पाचशे गुणिले पाचशे."

"अडीच लाख."

"आणि दुसरं पदार्थांचं, कोण कुणाच्या किती जवळचा. तो झाला रंग. सहा गुणिले सहा."

"छत्तीस," उन्हाजी म्हणाला. मग त्याच्या डोक्यातला पंखा घरघरला. "दोन्ही मिळून अडीच लाख छत्तीस. नव्वद लाखांऐवजी. पण मग सोमवारचे पापड आणि शुक्रवारच्या कुरडया, त्यांचा रकाना कुठे गेला?"

"कुठेच नाही. लागेल तेव्हा करायचा. सोमवार-शुक्रवार चार, पापड-कुरडई अर्धा. चारचे निम्मे दोन. काम झालं की सोडून द्यायचा. आपण चहा लागला की करतो ना? का वर्षाचा चहा एकदम उकळून पिंपात भरून ठेवतो?"

"मी भरून ठेवत होतो," उन्हाजी खजील होऊन म्हणाला.

दुपारी तीनच्या सुमारास नवी कोष्टकं तयार झाली. जुनं कोष्टक पुसण्याआधी एकदा पडताळा घेऊ, असं मथुराकाकूंनी ठणकावलं, आणि ते त्यांचं बरोबरच होतं. उन्हाजीने दोन छोटी कोष्टकं वापरून माळावरचे अंदाज सांगितले. पापड वाळले. उचलले, कडक. कुरडया वाळल्या. उचलल्या, कडक. इरू एका पायावर उड्या मारू लागली.

"सांडगे वाळले," उन्हाजी म्हणाला.

मथुराकाकूंनी एक सांडगा उचलून मोडला. वरून टणक आणि आत पीठ ओलंच. त्यांनी तो इरूच्या नाकासमोर धरला. "हे बघ. शितावरून भाताची परीक्षा होते बाई, वाळवणाची होत नाही. एवढासा कोपरा पाहिलास आणि सगळं कळलं म्हणालीस. मी काही जुनं कोष्टक पुसू देणार नाही."

इरूचा चेहरा उतरला. आता रडावं की भांडावं, हेच तिला समजेना. घड्याळ तर थांबायला तयार नव्हतं. तिने आत्याआजीकडे पाहिलं, तर आत्याआजी उलट खूश दिसत होती. चूक सापडली की तिला एरवीही भूक लागायची. तिने काकूंच्या ताटातून एक लाटी लांबवली.

"काल हीच पद्धत लावली असती तर सांडगे चुकले असते का रे?" तिने विचारलं.

उन्हाजीने हिशेब केला. "नाही. काल बरोबर आले असते."

"काल आणि आज यांत फरक काय?" इरू स्वतःशीच पुटपुटली. तेवढ्यात टांगलेली चादर फडफडून तिच्या तोंडावर आली. चादर बाजूला सारता सारता ती ओरडली, "वारा! काल वारा पडला होता, आज सुटलाय!"

"पापड पातळ," उन्हाजी सावकाश म्हणाला. "वाऱ्याने झटकन वाळतो. सांडगा जाड. वारा त्याचं फक्त वरचं वाळवतो, आतलं पाणी आतच. ऊन मात्र दोघांना सारखं तापवतं. म्हणजे उन्हात पापड आणि सांडगे सख्खे भाऊ."

"आणि वाऱ्यात लांबचे चुलत!" इरू म्हणाली. "मग त्यांचं नातं एकाच आकड्यात कसं मावेल? आत्याआजी, दोन ठसे केले तर? एक उन्हाचा, एक वाऱ्याचा. प्रत्येकाचे रंग वेगळे. रुमालावर एकावर एक छापायचे. फुलं लाल, पानं हिरवी, तसं!"

"आणि मग दोन्हींची बेरीज," आत्याआजी म्हणाली. "हेच तर मला वादळांच्या वेळी समजायला चार वर्षं लागली, आणि तेव्हा माझे केस काळे होते." ती हे हसत म्हणाली, पण इरूच्या डोक्यावर ठेवलेला हात तिने बराच वेळ काढला नाही.

जागा किती लागेल, ते इरूने बोटाने मातीतच मांडलं. दोन ठसे, पाच लाख. दोन रंग, छत्तीस आणि छत्तीस, बहात्तर. उद्याच्या नोंदी धरल्या तरी सगळं मिळून दहा लाखांच्या आत. नव्वद लाखांच्या जागेत दहा लाख म्हणजे हत्तीच्या तबेल्यात शेळी. पण जुन्या नोंदींवरून ऊन वेगळं आणि वारा वेगळा काढायला उन्हाजीला वेळ हवा होता, आणि माळाच्या फाटकाशी तर पराती, डबे आणि घमेली घेऊन बायका जमू लागल्या होत्या.

पाच वाजले.

"नावनोंदणी सुरू," उन्हाजी म्हणाला. त्याचा एक हात नावं लिहू लागला, डोक्यात नव्या कोष्टकांची जुळणी चालू, आणि तिसरीकडे ठरल्या वेळी ठरलेलं कामही सुरू झालं. "जागा कमी पडते आहे. विषय 'इरू'. भेंड्या काढल्या."

"थांब ना! झालंच आहे आता!"

"मला थांबता येत नाही. वाळवण आधी, असा नियम आहे. इरूचं जुनं गाव काढलं. इरूची शाळा काढली."

इरूने मथुराकाकूंचा हात घट्ट धरला. "काकू, तुम्ही सांगा ना त्याला! नियम तुमचाच आहे!"

काकूंनी फाटकाकडे पाहिलं. तिथे चाळीस-पन्नास बायका ऊन डोक्यावर घेऊन ताटकळत होत्या आणि त्यांतल्या निम्म्या त्यांच्याच भावकीतल्या होत्या, म्हणजे बोलणी खायची ती वर्षभर. मग त्यांनी पदर खोचला आणि माळ दणाणून सोडला. "ए बायांनो! नावं थांबवा! पोरीचं काम आहे, अर्धा तास सगळ्यांनी सावलीत बसा! आणि हे बघा, कुणाचा नंबर आधी आणि कुणाचा नंतर, याच्यावरून एकही शब्द ऐकून घेणार नाही!"

असा हुकूम बोरगव्हाणने आजवर ऐकला नव्हता. बायका मुकाट्याने सावलीत बसल्या. नावं थांबली, तशी आठवणींची काढणीही थांबली. उन्हाजीच्या डोक्यातला पंखा तेवढा घरघरत राहिला.

शेवटी तो म्हणाला, "सांडगे उद्या दुपारी बारापर्यंत ठेवावे, वीस मिनिटं इकडेतिकडे. आज उचलू नयेत." मग त्याने मागल्या महिन्यातले दिवस एकेक करून सांगितले. उन्हाचा, ढगाचा, वाऱ्याचा, वारा पडल्याचा. मथुराकाकूंना आपलं कुठलं वाळवण कधी वाळलं ते तोंडपाठ होतं. त्या प्रत्येक वेळी मान डोलावत गेल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "पुसून टाक बाबा ते मेलं जुनं."

नव्वद लाख रकाने गेले. चादर कोरी झाली, आणि उन्हाजी पहिल्यांदाच ताठ उभा राहिला.

आत्याआजी बाजेवर टेकली. "तुम्हाला सांगते काकू, आम्ही वादळांसाठी इमारतभर यंत्रं लावायचो. हीच युक्ती वापरली तर उद्या मच्छीमारांच्या होडीतल्या एवढ्याशा डबीतही वारा, लाट आणि पाऊस यांचे अंदाज एकत्र मावतील. गावागावात मावतील. कुणाला मोठ्या यंत्राच्या दारात जायला नको." बोलता बोलता तिचे डोळे चमकत होते. मथुराकाकूंनी लाट्यांचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

इरूचं यातल्या कशाकडे लक्ष नव्हतं. ती उन्हाजीपुढे उभी होती. विचारायची हिंमत होत नव्हती, तरी तिने विचारलंच.

"मी कोण?"

"इरू," उन्हाजी म्हणाला. "नाव आहे. बाकी बरंच गेलं. कुठली ते गेलं, काय खेळायचो ते गेलं. त्याच्या नोंदी नाहीत."

इरूने ओठ दाबून धरले.

"पण आज सकाळपासूनच्या नोंदी आहेत," उन्हाजी पुढे म्हणाला. "तू अनवाणी धावलीस. माझ्यासाठी भांडलीस. आकडे बघत बसलीस आणि तुझा चीक वाळून गेला. त्यावरून मी अंदाज बांधला आहे. आपण मैत्र आहोत. चांगलेच जुने. शंभरात अठ्ठ्याण्णव, दोन इकडेतिकडे."

"ते दोन कशाला कमी?" इरूने नाक ओढत, हसत विचारलं.

"नोंदी थोड्या आहेत," उन्हाजी म्हणाला. "जागा मात्र आता पुष्कळ आहे. तू उद्या येशील का?"